बोट धरून आलेलं मूल

'सावत्र' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा सावत्र आईच उभी राहते. कहाण्यांत ती आहे, नाटकांत ती आहे, आजीच्या गोष्टींत ती आहे. सावत्र बाप मात्र गोष्टींत फारसा भेटत नाही. याचं एक कारण त्या शब्दातच दडलेलं आहे. 'सावत्र' हा शब्द 'सवत' या शब्दाच्या गोत्यातला. एका पुरुषाच्या दोन बायका, त्या एकमेकींच्या सवती आणि एकीचं मूल दुसरीला सावत्र. म्हणजे ज्या घरातून हा शब्द बाहेर पडला, त्या घरात आया दोन असल्या तरी बाप एकच होता. आईचं बोट धरून दुसऱ्या पुरुषाच्या दारात आलेलं मूल या शब्दाच्या मूळ हिशेबातच नव्हतं. त्याला तो शब्द मागाहून चिकटला.

हिशेबात नव्हतं, पण गावात होतं. आजही आहे. ते मूल आणि त्याला वाढवणारा तो माणूस, हे दोघं कायद्यानं एकमेकांचे कोण? हा प्रश्न साधा वाटतो. त्याच्या उत्तराला मात्र दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो आपल्या खानदेशातूनही गेला आहे.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, पारोळ्याकडची एक बाई. नवरा शेतात वीज पडून गेला. पदरात तीन वर्षांचा मुलगा. दोन वर्षांनी शिरपूरकडच्या एका माणसाशी तिनं दुसरं लग्न केलं. त्या माणसानं मुलाला मांडीवर घेतलं, शाळेत घातलं, आजारपणात रात्र रात्र जागला. मुलगा त्याला 'बाबा' म्हणतो, गावही 'अमक्याचा आंडोर' म्हणूनच त्याला ओळखतं. हा मुलगा आपण वेगवेगळ्या काळात नेऊन बघू.

सुरुवात जुन्या धर्मशास्त्रापासून. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. पोटचा तो औरस, दिलेला तो दत्तक, विकत घेतलेला क्रीत, टाकून दिलेला आणि कुणी उचललेला अपविद्ध, पुनर्विवाहित स्त्रीला नव्या नवऱ्यापासून झालेला पौनर्भव, अशी ही यादी आहे. त्यात 'सहोढ' नावाचा एक प्रकार येतो. लग्नाच्या वेळीच वधू गरोदर असेल, तर तिला होणारा मुलगा तिच्याशी लग्न लावणाऱ्याचा. आता गंमत बघा. आईच्या पोटातून आलेलं मूल नव्या बापाचं ठरलं. पण आईचं बोट धरून, स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या मुलासाठी बारा खणांत एकही खण नाही. आपला पारोळ्याचा मुलगा इथं बाहेरच उभा राहिला.

शास्त्र असं असलं तरी लोकांचा व्यवहार त्याच्याच मापानं चालत होता असं नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. धुळे हे जिल्ह्याचं ठाणं झालं. न्याय करायचा तर इथल्या जातीजातींत कोणत्या चालीरीती आहेत हे माहीत हवं, म्हणून एल्फिन्स्टन साहेबाच्या पुढाकारानं त्यांची चौकशी सुरू झाली. तिच्यातून आर्थर स्टील यानं १८२७ साली दख्खनमधल्या हिंदू जातींचा कायदा आणि रूढी यांवरचं मोठं पुस्तक छापलं. त्या काळच्या कागदांत 'पाट' हा शब्द वारंवार येतो. पाट म्हणजे विधवेचं किंवा सोडचिठ्ठी झालेल्या बाईचं दुसरं लग्न. कुठं त्याला मोहतूर म्हणत. ब्राह्मण आणि काही वरच्या जाती सोडल्या, तर शेतकरी आणि कारागीर जातींत पाट सर्रास लागत असे. विधवेचं लग्न हा आपल्याकडे सुधारकांनी आणलेला नवा विचार, असं आपण शाळेत शिकतो. बहुसंख्य जातींपुरतं ते खरं नाही.

मात्र पाटाला मान लग्नाचा नव्हता. 'लग्नाची बायको' आणि 'पाटाची बायको' हा फरक बोलण्यात होता आणि व्यवहारातही होता. पाट लावणाऱ्या बाईनं पहिल्या घरची जमीन, दागिने, भांडीकुंडी मागं ठेवायची, हा रिवाज. मूल अंगावरचं असेल तर तिच्याबरोबर जाई, पण कूळ, आडनाव आणि शेतीचा हिस्सा पहिल्या बापाच्या घरचा. नव्या घरात त्याला भाकर मिळे, नाव मिळत नसे. म्हणजे १८३० साली आपला मुलगा शिरपूरच्या घरात जेवला असता, पण त्या घरचा झाला नसता.

आणि अशी घरं थोडी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेला प्लेग, १८९९-१९०० चा दुष्काळ, १९१८ चा इन्फ्लुएंझा यांनी मुलुखाच्या मुलुखात घरं अर्धी केली. मागं राहिलेल्यांनी पुन्हा संसार मांडले. दोन तुटलेल्या घरांचं एक घर करायचं, हा त्या काळी जगण्याचाच मार्ग होता.

आता १८५६ साल. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीनं हिंदू विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला. कायद्यानं विधवेचं लग्न वैध ठरवलं आणि तिला दुसऱ्या नवऱ्यापासून होणारी संततीही औरस मानली. ही मोठीच गोष्ट. पण त्या कायद्याची पुढची कलमं फारशी कुणी वाचत नाही. दुसऱ्या कलमानं पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपवला. आणि तिसरं कलम मुलांबद्दल होतं. मृत नवऱ्यानं मृत्युपत्रात पालक नेमला नसेल, तर विधवेच्या पुनर्विवाहानंतर त्याचे आईबाप, आजाआजी किंवा कुणीही पुरुष नातेवाईक कोर्टात अर्ज करून मुलांसाठी दुसरा पालक नेमून मागू शकत होते. मुलांकडे स्वतःची पुरेशी मालमत्ता नसेल, तर आईची संमती घ्यावी किंवा नव्या पालकानं पालनपोषणाची हमी द्यावी, एवढी सवलत होती. म्हणजे कायदा बाईला म्हणाला, तू लग्न कर, पण पोरावरचा तुझा हक्क आता वादाचा झाला. नव्या नवऱ्याचा तर त्यात उल्लेखही नाही.

खानदेशातल्या ज्या जातींत पाट आधीपासून चालत होता, त्यांना या कायद्याची गरज काय होती? खरं तर नव्हती. पण १८९६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं निकाल दिला, की ज्या जातींत पुनर्विवाहाची रूढी आधीपासून होती त्यांनाही मालमत्ता गमावण्याचं कलम लागू आहे. अलाहाबादच्या उच्च न्यायालयानं नेमकी उलटी भूमिका घेतली होती. म्हणजे यमुनेकाठची विधवा लग्नानंतरही शेत राखू शके आणि तापीकाठची गमावून बसे. हा १८५६ चा कायदा पुस्तकातून निघाला तो १९८३ साली.

मी मुसलमान आहे. तेव्हा माझ्या घरच्या कायद्याबद्दलही तेवढंच स्पष्ट बोललं पाहिजे. आपल्याकडच्या बहुसंख्य मुसलमानांना लागू असलेल्या हनफी परंपरेत लहान मुलाचा सांभाळ करण्याचा हक्क आईचा असतो. त्याला हिजानत म्हणतात. मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत तो चालतो. पण आईनं मुलाला परक्या असलेल्या पुरुषाशी लग्न केलं, तर जुन्या फिक्हप्रमाणे तो हक्क जातो. मुलाच्या चुलत्यासारख्या जवळच्या नात्यात लग्न केलं तर राहू शकतो. म्हणजे बघा, १८५६ च्या कायद्याचं तिसरं कलम आणि हिजानतीचा हा नियम. दोन्हींची भाषा वेगळी, उगम वेगळा, पण बाईपुढे ठेवलेली निवड एकच. नवरा की मूल?

आणि तरीही त्याच परंपरेत दुसरी बाजू आहे. पैगंबरसाहेबांनी उहुदच्या लढाईतल्या जखमेनं दगावलेल्या अबू सलमा यांच्या विधवेशी, उम्म सलमा यांच्याशी, हिजरी सन ४ मध्ये लग्न केलं. त्यांना पहिल्या नवऱ्यापासून मुलं होती. ती सारी पैगंबरांच्या घरात वाढली. त्यांतल्या उमर नावाच्या मुलानं पुढे आठवण सांगितली, की जेवताना माझा हात ताटभर फिरायचा, तेव्हा पैगंबरांनी मला अल्लाहचं नाव घ्यायला, उजव्या हातानं आणि आपल्या पुढ्यातलं खायला शिकवलं. ताटावर बसवून वळण लावणं हे बापाचंच काम, आणि ते सावत्र बापानं केलेलं आहे.

मात्र कुरआनच्या 'अहजाब' सूरेत पोसलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावानं हाक मारण्याचा आदेश आहे. त्यामुळे शरियतीत दत्तकाला मूळ बापाचं नाव पुसणारी जागा नाही. पोसणं पुण्याचं, नाव बदलणं नामंजूर. वारसाहक्कही नाही. सावत्र बापानं मुलाला द्यायचं तर हयातीत हिबा म्हणजे बक्षीस द्यावं, किंवा वसियत करावी. वारसांची संमती नसेल तर वसियतीची मर्यादा मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत. आणखी एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. १९३७ चा शरियत कायदा झाला, तेव्हा दत्तक, मृत्युपत्र आणि वसियत हे विषय त्याच्या सक्तीतून बाहेर ठेवले गेले. जो मुसलमान तसं लेखी जाहीर करील, त्यालाच त्या बाबतीत शरियत लागू होईल, अशी तरतूद झाली. कारण काही मुस्लिम समाजांत दत्तकाच्या स्थानिक रूढी तेव्हा चालू होत्या.

पुन्हा मूळ रस्त्यावर येऊ. महाराष्ट्रातल्या सुधारकांपुढे हा प्रश्न होता का? होता, पण आडून. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. केवळ माया पुरेशी नाही, हे जोतीराव ओळखून होते. म्हणून १० जुलै १८८७ रोजी त्यांनी रीतसर मृत्युपत्र करून यशवंतचा वारसा कागदावर आणला. धोंडो केशव कर्वे विधुर होते. १८९३ साली त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा पहिल्या पत्नीपासूनचा त्यांचा मुलगा रघुनाथ दहा-अकरा वर्षांचा होता. हेच पुढे संततिनियमनासाठी झगडणारे र. धों. कर्वे. त्याच वर्षी कर्व्यांनी काढलेल्या विधवाविवाहोत्तेजक मंडळीनं पुनर्विवाहाला उत्तेजन देण्याबरोबर गरजू मुलांना मदत करण्याचंही काम केलं. पण आईबरोबर आलेल्या मुलाचा नव्या बापाशी कायद्यानं काय संबंध, हा प्रश्न सुधारकांच्या मुख्य यादीत आला नाही. बाईचं कुंकू परत मिळवणं हेच तेव्हा डोंगराएवढं काम होतं.

कायद्याचा एकच दरवाजा किलकिला होता. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा. तो सर्व धर्मांना लागू होता आणि आजही आहे. जिल्हा न्यायालयात अर्ज करून सावत्र बापही स्वतःला मुलाचा पालक नेमून घेऊ शकतो. कोर्ट मुलाचं हित बघतं. पण हे पालकत्व म्हणजे राखणदारी. मूल सज्ञान झालं की ते संपतं. त्यातून वारसा मिळत नाही, नातं उरत नाही.

स्वातंत्र्यानंतर हिंदू कायद्यांची नवी बांधणी झाली. १९५६ साली तीन कायदे आले. वारसा, अज्ञान मुलांचं पालकत्व, आणि दत्तक व पोटगी. पालकत्वाच्या कायद्यात नैसर्गिक पालक कोण हे सांगताना सहाव्या कलमाखाली एक खुलासा जोडला आहे. 'पिता' आणि 'माता' या शब्दांत सावत्र पिता आणि सावत्र माता येत नाहीत. अवघी एक ओळ. पण त्या ओळीनं आपल्या शिरपूरच्या माणसाला परका ठरवलं. रोज डबा भरून देणारा, पण बाप म्हणून सही करण्याचा हक्क नसलेला.

त्याच वर्षीच्या दत्तक कायद्यानं मात्र वाट मोकळी केली. विधवा आई, पुनर्विवाहानंतरही, आपलं मूल दत्तक देऊ शकते. घेणारा तिचा नवा नवरा असू शकतो. आणि नवऱ्यानं दत्तक घेतलं की त्याची बायको आपोआप दत्तक माता ठरते. म्हणजे आई एका हातानं देते आणि दुसऱ्या हातानं घेते. ऐकायला विचित्र वाटतं, पण या देण्याघेण्यातूनच सावत्र बाप कायद्यानं बाप होतो. कोर्टाचा हुकूम लागत नाही. प्रत्यक्ष देणं-घेणं व्हावं लागतं आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांचा दत्तकपत्राचा दस्त नोंदवला, तर दत्तक कायदेशीर झालं असं न्यायालय गृहीत धरतं.

अटी मात्र कडक होत्या आणि आहेत. मूल पंधरा वर्षांच्या आतलं हवं. मुलगा दत्तक घ्यायचा तर घेणाऱ्याला हयात मुलगा किंवा नातू नसावा. मुलगी घ्यायची तर हयात मुलगी किंवा नात नसावी. आणि पुरुषानं मुलगी घ्यायची तर दोघांत किमान एकवीस वर्षांचं अंतर हवं. आता दुसरं लग्न करणाऱ्या माणसाला पहिल्या बायकोपासून मुलगा असणं ही काय दुर्मिळ गोष्ट आहे? त्याला बायकोचा मुलगा या कायद्यानं दत्तक घेताच येत नाही. तीस वर्षांच्या माणसाला बायकोची दहा वर्षांची मुलगी घेता येत नाही, एक वर्ष कमी पडतं. आणि मुलाचा जन्मदाता हयात असेल, आई घटस्फोटित असेल, तर २०१० पर्यंत दत्तक देण्याचा पहिला हक्क त्या बापाचाच होता. त्या वर्षीच्या दुरुस्तीनं आईला बरोबरीचा हक्क दिला, पण एकाची संमती दुसऱ्याला लागतेच.

आपल्या जिल्ह्यांपुरती आणखी एक बाब. सातपुड्याच्या पायथ्याला भिल्ल, पावरा, तडवी राहतात, धुळ्याच्या पश्चिमेला कोकणा. अनुसूचित जमातींना १९५६ चे हे कायदे केंद्र सरकारनं वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय लागू होत नाहीत. तिथं जमातीची रूढी चालते. तडवींची गोष्ट तर आणखी वेगळी. ते आदिवासीही आहेत आणि बहुसंख्य मुसलमानही. एकाच तालुक्यात, एकाच शाळेच्या बाकावर बसलेल्या तीन सावत्र मुलांना तीन वेगळे कायदे.

दत्तक झालंच नाही, तर काय होतं? १९५६ च्या वारसा कायद्यात सावत्र मुलगा सावत्र बापाचा वारस नाही. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की सावत्र आईच्या मालमत्तेतही तो 'मुलगा' म्हणून पहिल्या रांगेत येत नाही. त्याआधी १९७५ साली ठरलं होतं, की सावत्र आई सावत्र मुलाला दत्तक देऊ शकत नाही, कारण कायद्याच्या लेखी ती आई नव्हे. आता दुसरी बाजू बघा. १९६१ च्या आयकर कायद्यानं 'अपत्य' या शब्दात सावत्र अपत्य धरलं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं चरितार्थ मागणाऱ्या 'मातापित्यां'त सावत्र बाप आणि सावत्र आई धरली. थोडक्यात, कर लावताना सावत्र मूल हे मूलच. म्हातारपणी सांभाळायची वेळ आली की सावत्र मुलगा हा मुलगाच. फक्त वारस नोंदीच्या वेळी तो कुणी नाही. कर्तव्यं सख्ख्याची आणि हक्क परक्याचे, असा हा हिशेब.

गेल्या वीसेक वर्षांत हा हिशेब थोडा सुधारू लागला. बालन्याय कायद्यात दत्तकाची धर्मनिरपेक्ष वाट तयार झाली. २००९ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी निकाल दिला, की स्वतःची मुलगी असलेलं हिंदू दांपत्यही या कायद्याखाली आणखी एक मुलगी दत्तक घेऊ शकतं. १९ फेब्रुवारी २०१४ रोजी शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की कोणत्याही धर्माच्या माणसाला ही वाट खुली आहे. सक्ती कुणावर नाही, ज्याला जायचं त्यानं जावं. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं शरियतीत असं दत्तक नाही अशी बाजू मांडली होती. तो मतभेद आजही आहे. माझ्या मते न्यायालयानं योग्य तेच केलं. ज्याच्या श्रद्धेला हिबा आणि वसियत पुरेशी वाटते त्यानं तसं करावं. ज्याला मुलाला पुरता हक्क द्यायचा आहे त्याचा रस्ता कुणी अडवू नये. मुलाला उपाशी न ठेवणं हा दोन्ही वाटांचा हेतू आहे.

पुढे २०१५ चा बालन्याय कायदा आला आणि त्याखालच्या २०१७ च्या दत्तक नियमावलीत 'सावत्र पालकानं दत्तक घेणं' असं स्वतंत्रपणे लिहिलं गेलं. मनूच्या बारा खणांत नसलेला खण सरकारी नियमांत अखेर झाला. २०२२ च्या नव्या नियमावलीतही तो कायम राहिला. पद्धत अशी. नवरा-बायकोनं मिळून केंद्रीय दत्तक स्रोत प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या, संगणकीय यादीत नोंदणी करायची. जन्मदात्या आईबापांची ठरावीक नमुन्यात संमती द्यायची. मुलाच्या ताब्याचा दावा चालू असेल तर तो निकाली निघाल्यावरच पुढे जायचं. दत्तक घेणाऱ्या इतर दांपत्यांना असलेल्या वयाच्या अटी सावत्र पालकाला लागू नाहीत. पूर्वी आदेश न्यायालय देत असे. २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आली आणि आदेश काढण्याचं काम जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे आलं. म्हणजे जळगावला आणि धुळ्याला कलेक्टर कचेरीत. तो निर्णय मान्य नसेल, तर अपील विभागीय आयुक्तांकडे, नाशिकला. आदेशापूर्वी मुलाच्या हिताची खात्री करायची आणि त्याचं वय व समज पाहून त्याची इच्छाही विचारात घ्यायची, असं कायदाच सांगतो.

२०२२ सालचा एक निकाल मला या सगळ्या इतिहासाचं टोक वाटतो. आंध्र प्रदेशातली एक आई. मूल अगदी तान्हं असताना नवरा गेला. पुढच्या वर्षी तिनं दुसरं लग्न केलं. मुलाच्या आजीआजोबांनी नातवाचं पालकत्व मागितलं. १८५६ चं तिसरं कलम आठवतं ना? तेच भांडण, दीडशे वर्षांनी. उच्च न्यायालयानं सांगितलं, की मुलाला पहिल्या बापाचं आडनाव परत लावा आणि दुसऱ्या नवऱ्याचा उल्लेख करायचाच तर 'सावत्र पिता' असा करा. २८ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हा आदेश रद्द केला. असा शिक्का मारणं जवळजवळ क्रूर आहे, त्यामुळे मुलाच्या मनाचं काय होईल याचा विचारच झालेला नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूनंतर आई हीच मुलाची नैसर्गिक पालक, तेव्हा आडनाव ठरवण्याचा आणि मूल दत्तक देण्याचाही हक्क तिचा. खटला चालू असतानाच, २०१९ साली, त्या सावत्र पित्यानं नोंदणीकृत दत्तकपत्र करून मुलाला आपलं केलं होतं.

त्या शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या. त्या माणसानं कागद केला होता. आपल्याकडे नेमकी इथं गफलत होते. शाळेच्या दाखल्यावर नवं नाव लागलं, आधार कार्डावर आलं, रेशनकार्डात चढलं, की घरच्यांना वाटतं काम झालं. काम झालेलं नसतं. नाव लावल्यानं नातं लागत नाही. तो माणूस मृत्युपत्र न करता गेला, की दुसऱ्याच महिन्यात त्याचे भाऊ-पुतणे किंवा पहिली मुलं विचारतात, हा कोण? आईला विधवा म्हणून तिचा हिस्सा मिळतो. मुलाच्या हातात शाळेचा दाखला राहतो.

लोक कागद का करत नाहीत? एक भीती शेताची. दत्तक दिलं तर मेलेल्या बापाच्या जमिनीवरचा हक्क जाईल, असं अनेकांना वाटतं. हिंदू दत्तक कायद्याचं बारावं कलम सांगतं, की दत्तकापूर्वी मुलाकडे आलेली मालमत्ता त्याचीच राहते. बाप वारल्यावर वारसानं जे त्याच्या नावे आलं, ते दत्तकानं जात नाही. दुसरी भीती मनातली. पहिल्या बापाचं नाव पुसणं म्हणजे त्याच्याशी बेइमानी, असं आईला वाटतं, आजीआजोबांना तर वाटतंच. ही भावना खोटी नाही. तिचा मान राखलाच पाहिजे. मुलाला त्याच्या पहिल्या बापाबद्दल सांगावं, फोटो दाखवावा, आजीआजोबांकडे सुट्टीत पाठवावं. आठवण जपायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. पण मेलेल्या माणसाचा मान राखताना जिवंत मूल उघड्यावर राहू नये.

आणि यात वेळेचा प्रश्न आहे. हिंदू दत्तक कायद्यानं जायचं तर मूल पंधराचं होण्याआधी. बालन्याय कायद्यानं जायचं तर अठराच्या आत. त्यानंतर उरतं ते मृत्युपत्र, बक्षीसपत्र, आणि आमच्याकडे हिबा व वसियत. तेही हात थरथरायला लागण्याआधी केलेलं बरं. वकिलाला विचारा, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत चौकशी करा, जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. पारोळ्याचा तो मुलगा आज पाच वर्षांचा असेल, तर त्याच्या आईबापांच्या हातात अजून दहा वर्षं आहेत. ती फार वाटतात. पण पोरं किती भरभर वाढतात, हे पोरं वाढवणाऱ्यांना सांगायला नको.

(आकाशवाणीच्या जळगाव केंद्रावरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)